‘ठणठणीत दिसतेस की!’ : मेंदूला मार लागल्यानंतर घरी, दवाखान्यात आणि लोकलमध्ये

सकाळी मुलुंडला दिव्यांगांच्या डब्यात चढले, की दोन-तीन माना हमखास माझ्याकडे वळतात. हातात काठी नाही, पायात कॅलिपर नाही. एकदा कुबड्या घेतलेले एक काका सरळच म्हणाले, "ताई, लेडीज डबा पुढे आहे. हा अपंगांचा." त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्या डब्यात रोज धडधाकट माणसं घुसतात आणि काकांसारख्यांना उभं राहावं लागतं. मी म्हटलं, "काका, माझ्या डोक्याचं ऑपरेशन झालंय. गर्दीत आवाज वाढला की मला उतरायचं स्टेशन कळत नाही. कार्ड दाखवू?" त्यांनी कार्ड बघितलं नाही. सरकून जागा दिली.

ही तीन वाक्यं तोंडात बसायला मला तीन वर्षं लागली. तुम्हाला इतका वेळ लागू नये म्हणून हा लेख लिहिते आहे. तुमच्या घरातलं कुणी बाइकवरून, लोकलमधून, बांधकामाच्या परांचीवरून किंवा साध्या बाथरूममध्ये पडून डोक्याला मार लागून नुकतंच घरी आलं असेल, किंवा तुम्ही स्वतःच ते माणूस असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. वाचून थकायला झालं तर थांबा, उद्या पुढचं वाचा. मीही हा लेख रोज अर्धा तास असा बरेच दिवस लिहीत होते.

माझ्याबद्दल थोडक्यात. जुलै २०१८, रात्रीचा पाऊस, पूर्व द्रुतगती महामार्गावर विक्रोळीच्या अलीकडे बाइक घसरली. नवरा चालवत होता, मी मागे बसले होते. त्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं, माझ्या नव्हतं. त्याच्या खांद्याचं हाड मोडलं. माझ्या मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त साकळलं. अकरा दिवस मला शुद्ध नव्हती. आज मी नोकरी करते, स्वयंपाक करते, मुलीचा अभ्यास घेते. शब्द मात्र अजून अडकतात, संध्याकाळी डोकं बंद पडतं आणि कसलाच वास येत नाही.

पहिली पायरी : घरी आणल्यावरचे पहिले आठवडे

डिस्चार्ज मिळाला म्हणजे माणूस बरा झाला असं नसतं. रुग्णालयात राहण्याची गरज संपली, एवढाच त्याचा अर्थ.

पुढच्या गोष्टी दिसल्या तर फोन करून सल्ला विचारत बसू नका, थेट अपघात विभागात न्या : वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, हलवूनही नीट जागं न होणं, फिट, एका हातापायातली ताकद कमी होणं, बोलणं अचानक बरळल्यासारखं होणं, डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या दिसणं, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखं पातळ काही येणं. मेंदूवर रक्त हळूहळू साकळू शकतं, विशेषतः वय झालेल्यांमध्ये आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांमध्ये. पहिल्या दिवशीचा सीटी स्कॅन चांगला होता म्हणून गाफील राहू नका. रुग्णवाहिकेसाठी १०८.

फिटच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंद करू नका. "एवढ्या गोळ्या कशाला, आता बरी आहे ती" असं सांगणारे नातेवाईक प्रत्येक घरात असतात. दारू पूर्ण बंद. गाडी चालवायची ती डॉक्टरांनी स्पष्ट होकार दिल्यावरच. डोक्याला दुसऱ्यांदा मार लागू देऊ नका. बाथरूममध्ये रबरी चटई आणि धरायला दांडा आजच बसवून घ्या.

मेंदूची सूज उतरावी म्हणून कवटीचा तुकडा काढला असेल, तर तो पुष्कळदा पोटाच्या कातडीखाली सांभाळून ठेवतात आणि काही महिन्यांनी परत बसवतात. डिस्चार्जच्या वेळी ही गोष्ट नीट विचारून घ्या. माझ्या सासूबाईंना कुणी सांगितलंच नव्हतं. माझ्या पोटावरचे टाके बघून त्या रात्रभर रडल्या होत्या. हाड नसलेल्या बाजूवर झोपू देऊ नका, आणि उठून चालताना डोक्याला संरक्षण लागेल का ते डॉक्टरांना विचारा.

आणि झोपू द्या. भेटायला येणाऱ्यांची रांग हसऱ्या चेहऱ्याने, पण ठामपणे दारातच थांबवा. दहा मिनिटं, एका वेळी एक माणूस, टीव्ही बंद. वाईटपणा नवऱ्याने किंवा भावाने घ्यावा. पेशंटला ते जमत नाही.

दुसरी पायरी : कागद. यात उशीर चालत नाही

ही पायरी मी मुद्दाम इतक्या वर घेतली आहे. माणूस आयसीयूत असताना कागदांचा विचार करणं कोरडेपणाचं वाटतं, पण काही मुदती त्याच दिवसापासून मोजल्या जातात.

एक जाड फाइल घ्या. तिच्यात डिस्चार्ज कार्ड, सीटी आणि एमआरआयच्या फिल्म व रिपोर्ट, ऑपरेशनच्या नोंदी, औषधांची बिलं, एमएलसीचा (पोलिसांना कळवलेल्या केसच्या रुग्णालयातल्या नोंदीचा) नंबर, एफआयआर आणि पंचनाम्याची प्रत, असं सगळं ठेवा. रुग्णालयाकडे केसपेपरची प्रत लेखी मागितली, तर डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या नियमांप्रमाणे ती ७२ तासांत द्यावी लागते. मागणी तोंडी करू नका. अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का घ्या.

डिस्चार्ज कार्डावर एक आकडा असतो, जीसीएस. डोळे उघडणं, बोलणं आणि हालचाल यांवरून शुद्धीची पातळी मोजतात. सगळ्यांत कमी ३, सगळ्यांत जास्त १५. दाखल करतानाचा आकडा १३ ते १५ असेल तर इजा सौम्य, ९ ते १२ मध्यम, ८ किंवा त्याखाली गंभीर धरतात. हा आकडा पुढे प्रत्येक ठिकाणी विचारला जातो, म्हणून तो कार्डावर लिहिलेला आहे ना, ते बघून घ्या. मात्र ‘सौम्य’ शब्दाने फसू नका. जीसीएस १५ आणि स्कॅन चांगला असूनही कित्येक महिने हिशेब न जमणारी, उजेडाचा त्रास होणारी माणसं मी ओपीडीत पाहिली आहेत.

आता मुदती. रस्त्यावर अपघात झाला असेल, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाईचा अर्ज करता येतो. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार तो अपघातापासून ६ महिन्यांत करायचा असतो. ठोकर मारून गाडी पळाली आणि सापडलीच नाही, तरी गंभीर जखमीला ५०,००० रुपये मिळण्याची तरतूद आहे. रस्ते अपघातातल्या जखमींसाठी मे २०२५ पासून पहिल्या ७ दिवसांच्या, दीड लाखापर्यंतच्या रोकडविरहित उपचारांची केंद्राची योजनाही आहे. दाखल करतानाच तिची चौकशी करा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दलही तिथेच, समाजसेवा अधिकाऱ्यांच्या खोलीत विचारा.

लोकलमधून पडला असेल तर रस्ता वेगळा. रेल्वे दावा न्यायाधिकरणात १ वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. चालत्या गाडीतून चुकून पडणं ही रेल्वे कायद्याच्या कलम १२४अ खाली ‘अनुचित घटना’ धरली जाते आणि त्यात रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही. मात्र वैध तिकीट किंवा पास हवा, आणि रूळ ओलांडताना झालेला अपघात यात बसत नाही. म्हणून त्या दिवशीच्या कपड्यांचे खिसे आणि पाकीट तपासा. पास सापडला तर जपून ठेवा. रक्ताने माखलेले कपडे घरचे रागाने टाकून देतात आणि पासही त्यांच्याबरोबर जातो.

माणूस सही करण्याच्या अवस्थेत नसेल आणि बँकेचे व्यवहार अडले असतील, तर वकिलाला गाठा. कोमातल्या रुग्णांच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाने नातेवाइकांना पालक म्हणून नेमलं आहे. तोवर एटीएमच्या पिनवर घर चालवून पुढे भावा-भावांत भांडणं झालेली मी पाहिली आहेत. पहिल्या दिवसापासून प्रत्येक खर्च लिहून ठेवा.

तिसरी पायरी : वही

आपल्याला काय होतंय हे मेंदूला मार लागलेल्या माणसाला नेहमीच कळत नाही. घरच्यांना कळतं, पण डॉक्टरांसमोर बसल्यावर आठवत नाही. सरकारी किंवा पालिकेच्या ओपीडीत तुम्हाला पाच मिनिटं मिळतात. तेवढ्यात "तसं ठीक आहे, थोडं विसरते" एवढंच बोललात, तर औषधाची चिठ्ठी बदलून तुम्ही बाहेर.

म्हणून एक शंभर पानी वही. पहिल्या पानावर नाव, पत्ता, घरच्या दोघांचे फोन नंबर, रक्तगट, चालू गोळ्या, कशाची अ‍ॅलर्जी आणि एक वाक्य : ‘माझ्या मेंदूला इजा झाली होती, मी गोंधळलेली दिसले तर या नंबरवर फोन करा.’ त्यापुढे रोज एक पान. सकाळी उठल्यावर तारीख आणि वार स्वतः लिहायचा. मला पहिले दोन महिने मुलीला विचारावं लागे. मग आज करायच्या तीनच गोष्टी, तिनापेक्षा जास्त नाहीत. रात्री घरच्यांपैकी कुणीतरी दोन ओळी लिहायच्या : डोकं किती वेळ दुखलं, झोप कशी झाली, राग कशावरून आला, काय विसरलं.

‘विसरते’ असं मोघम लिहू नका. नेमकं लिहा. ‘कुकरच्या शिट्ट्या मोजायला सांगितल्या, दुसऱ्या शिट्टीनंतर खोलीबाहेर गेली, आठवलं नाही.’ ‘दूधवाल्याला दोनदा पैसे दिले.’ ‘मुलुंड स्टेशनच्या पुलावर पश्चिमेला उतरायचं की पूर्वेला, ते दहा मिनिटं कळलं नाही.’ अशा नोंदींवरून लक्ष, स्मरण आणि दिशेचं भान यांपैकी नेमकं काय बिघडलंय ते डॉक्टरांना आणि थेरपिस्टना कळतं. पुढे दिव्यांग प्रमाणपत्राच्या वेळी आणि नोकरीच्या ठिकाणीही माझ्या कामी हीच वही आली.

मोबाइलमध्ये नोंदी करा असं तरुण मुलं सांगतात. ज्यांना जमतं त्यांनी जरूर कराव्यात, गोळ्यांचा गजर तर मोबाइलवरच लावावा. पण पडद्याचा उजेड आणि सतत वाजणारे मेसेज पहिल्या वर्षी मला सोसत नव्हते. वही शांत असते.

चौथी पायरी : पुनर्वसन मागून घ्या

तुम्ही विचारलं नाहीत तर ही गोष्ट तुम्हाला कुणी सांगेलच असं नाही. जीव वाचवणारे सर्जन वेगळे आणि त्यानंतर जगायला शिकवणारी माणसं वेगळी. फिजिओथेरपी बहुतेकांना माहीत असते. ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे काय हे मला तिशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं. अंघोळ, चहा करणं, पैसे मोजणं, बस पकडणं, नोकरीवर परत जाणं ही सगळी ‘कामं’ मेंदूला पुन्हा कशी जमवून द्यायची, हे ऑक्युपेशनल थेरपिस्ट शिकवतात. या विद्येची भारतातली पहिली शाळा मुंबईतच, केईएम रुग्णालयात १९५० साली कमलाताई निंबकर यांनी सुरू केली. अमेरिकेत जन्मलेल्या आणि मराठी घरात सून म्हणून आलेल्या या बाईंचं आपल्यावर मोठं ऋण आहे. आज केईएम, सायन आणि नायर या पालिकेच्या तिन्ही मोठ्या रुग्णालयांत ऑक्युपेशनल थेरपीचे विभाग आहेत.

हाजी अलीला, महालक्ष्मी स्टेशनपासून जवळच, अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. केंद्र सरकारची, १९५५ पासूनची. एकाच आवारात डॉक्टर, फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपी, वाचा-उपचार असं सगळं भेटतं. बोलण्यात किंवा शब्द सापडण्यात अडचण असेल तर वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग संस्थाही आहे. दोन्हीकडे सकाळी लवकर पोहोचा, आधीचे सगळे कागद न्या.

सर्जनना विचारायचं वाक्य असं : "डॉक्टर, हिला ऑक्युपेशनल थेरपी, स्पीच थेरपी आणि स्मरणशक्ती-लक्ष यांची तपासणी यांसाठी लेखी रेफरन्स द्याल का?" वहीत लिहून न्या आणि वाचून दाखवा.

आणि वाचा-उपचार मराठीतच मागा. घरात मराठी बोलणाऱ्या माणसाचे शब्द हिंदीतल्या चित्रांच्या तक्त्यावरून परत येत नाहीत. मला तक्त्यावरचं ‘छाता’ म्हणता येईना, पण थेरपिस्टने खिडकीबाहेरचा पाऊस दाखवून "बाहेर जाताना काय घ्याल?" असं विचारलं, तेव्हा ‘छत्री’ आपोआप तोंडातून आलं.

सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत सगळ्यांत वेगाने होते. दोन वर्षांपर्यंत बरीच होते आणि त्यानंतरही थांबत नाही. ‘सहा महिन्यांत जे आलं ते आलं’ असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. माझा उजवा हात चौथ्या वर्षी पोळी लाटायला लागला.

पाचवी पायरी : दिवसाचा हिशेब

सगळ्यांत जास्त त्रास कशाचा, असं मला विचारलंत तर मी विसरण्याचं नाव घेणार नाही. थकव्याचं घेईन. हा थकवा कामाचा नसतो. चार माणसं एकदम बोलली, तीन गोष्टी एकदम ठरवायच्या आल्या, की डोक्यातले दिवे जातात. समोरच्याला मी आळशी दिसते किंवा तुसडी.

मी घरच्यांना असं समजावलं : रविवारी मेगाब्लॉक असतो तेव्हा जलद मार्ग बंद ठेवून सगळ्या गाड्या धीम्या मार्गावरून सोडतात. गाड्या पोहोचतात, पण उशिरा, आणि प्रत्येक स्टेशनवर गर्दी होते. माझ्या मेंदूतले काही जलद मार्ग तुटले आहेत. काम होतं, फक्त लांबच्या रस्त्याने, आणि त्या रस्त्यावर आणखी गाड्या सोडल्या तर सगळंच ठप्प होतं. मुलीला हे पटकन कळलं. त्यानंतर ती अभ्यासाचा प्रश्न विचारायच्या आधी म्हणायची, "आई, ब्लॉक संपला का?"

त्यामुळे कामं अशी मांडा. डोकं लागणारी कामं सकाळी. दर पाऊण तासाला दहा मिनिटं डोळे मिटून पडायचं, थकायच्या आधीच. थकल्यावर पडून फारसा उपयोग होत नाही. बाजारात यादी घेऊन आणि दुपारी गर्दी नसताना जायचं. एका दिवसात बँक आणि डॉक्टर दोन्ही नको. दादरला उतरायचं असेल तर गर्दी उलट्या दिशेने वाहत असते ती वेळ निवडा. गणपतीत मी मंडळात पहाटे सहाला जाते, ढोल-ताशा आणि आरतीच्या आधी. दर्शन तेच होतं, आणि दुसरे दोन दिवस अंथरुणात जात नाहीत.

वासाबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण डॉक्टर क्वचितच विचारतात. डोक्याला जोराचा मार लागला की वासाच्या बारीक नसा तुटू शकतात. जेवण बेचव लागतं आणि माणूस खाणं कमी करतो. घरच्यांना वाटतं उदास आहे. पण खरा धोका गॅसचा. मला गॅस सुटलेला कळत नाही, फोडणी करपलेली कळत नाही, दूध नासलेलं कळत नाही. आमच्याकडे स्वयंपाकघरात गॅस गळतीचा अलार्म बसवला आहे, प्रत्येक डब्यावर तारीख आहे आणि रात्री गॅसचा खटका बंद केला का हे मी वहीत टिक करून झोपते. कॉफीची पूड आणि कापूर नाकाजवळ धरून आजच तपासून बघा.

सहावी पायरी : घरातली माणसं

कपाळामागचा मेंदूचा भाग दुखावला तर राग आवरत नाही, किंवा उलट कशातच उत्साह उरत नाही. माणूस दिवसभर भिंतीकडे बघत बसतो. हा हट्ट किंवा आळस नव्हे, दुखापत आहे. पण घरच्यांनी मुकाट्याने सगळं सोसावं असाही याचा अर्थ नाही. मी मुलीच्या अंगावर ताट फेकलं होतं. ती दहा वर्षांची होती. तिने आजीला विचारलं, "आधीची आई परत कधी येणार?" हे मला खूप नंतर कळलं, आणि लिहिताना आजही हात थांबतो.

आम्ही काय केलं ते सांगते. एक खूण ठरवली, तळहात पुढे. कुणीही तळहात दाखवला की बोलणं तिथेच थांबवायचं आणि मी आतल्या खोलीत जायचं. अर्ध्या तासाने बोलायचं, नाहीतर नाहीच. वाद जिंकायचा नाही. नवऱ्याच्या मनातला अपराधीपणा (गाडी त्याच्या हातात होती) आम्ही दोन वर्षं झाकून ठेवला, आणि ते चूक होतं. त्यानेही समुपदेशकाकडे जायला हवं होतं. फोनवर मराठीत बोलायचं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी, मोफत नंबर आहे. तो पेशंटसाठी आहे तसाच सांभाळणाऱ्यांसाठीही आहे. मरून जावंसं वाटतं असं पेशंट बोलला तर त्याला रागावू नका, एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा.

आणि ‘पूर्वीसारखी कधी होणार?’ हा प्रश्न घरातून काढून टाका. भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांना मार्च १९६२ मध्ये बार्बाडोसला चार्ली ग्रिफिथचा चेंडू डोक्याला लागून कवटी फुटली. त्यांच्यासाठी रक्त देणाऱ्यांत समोरच्या संघाचे कर्णधार फ्रँक वॉरेल होते. कॉन्ट्रॅक्टर वाचले, पुन्हा प्रथम श्रेणीचं क्रिकेट खेळले, पण कसोटी सामना पुन्हा कधी खेळले नाहीत. माझे वडील ही गोष्ट सांगताना नेहमी कसोटीपाशी हळहळायचे. मला आता त्यांचं पुन्हा पॅड बांधून मैदानात उतरणं आठवतं.

सातवी पायरी : आपलं म्हणणं चार वाक्यांत

ही इजा दिसत नाही. केस वाढले की टाकेही झाकले जातात. मग "ठणठणीत दिसतेस की!" हे वाक्य सुरू होतं, प्रेमाने म्हटलेलं, आणि त्याच वाक्याने तुमची प्रत्येक सवलत, प्रत्येक विश्रांती संशयाची होते. माझी पहिली काही वर्षं लोकांना पटवण्यात गेली. मी सगळी कहाणी सांगायचे, रडू यायचं, समोरचा अवघडायचा आणि काम तसंच राहायचं.

मग थेरपिस्टने मला एक चौकट दिली. काय झालं, एका वाक्यात. त्यामुळे काय जमत नाही, एका वाक्यात. काय जमतं, एका वाक्यात. तुमच्याकडून काय हवं, एका वाक्यात. उदाहरणार्थ बँकेच्या खिडकीवर : "माझ्या मेंदूला इजा झाली होती. भराभर बोललेलं मला कळत नाही. लिहून दिलंत तर सगळं समजतं. फॉर्मवर कुठे सही करायची तिथे खूण करून द्याल का?"

शेवटचं वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं. ‘समजून घ्या’ म्हटलं तर समोरच्याला नेमकं काय करायचं ते कळत नाही. ‘खूण करून द्या’ म्हटलं की माणूस पेन उचलतो. मुंबईत लोक घाईत असतात, निष्ठुर नसतात.

चार-पाच जागांसाठी अशी वाक्यं लिहा : शाळा, बँक, लोकल, सोसायटीची मीटिंग, नातेवाइकांचं लग्न. आरशासमोर म्हणा. शब्द अडकत असतील तर कार्डावर छापून लॅमिनेट करा आणि पुढे करा.

आठवी पायरी : प्रमाणपत्र आणि नोकरी

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत. त्यांत ‘मेंदूची इजा’ असा स्वतंत्र प्रकार नाही. इथेच अनेक घरं हार मानतात. इजा नव्हे, तिने मागे ठेवलेली अडचण मोजली जाते, हे लक्षात ठेवा. हातापायांचा अशक्तपणा, वाचा व भाषेची अडचण, दृष्टीदोष, मानसिक आजार यांतलं तुम्हाला जे लागू असेल त्याखाली अर्ज करा. एकापेक्षा जास्तही असू शकतात. मला प्रमाणपत्र भाषेच्या अडचणीवर आणि उजव्या हातावर मिळालं.

अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा, रुग्णालय निवडायचं आणि तपासणीला फाइल व वही घेऊन जायचं. सुधारणा चालू असेल तर तात्पुरतं, मुदतीचं प्रमाणपत्र मिळतं. तेही घ्या आणि मुदत संपायच्या आधी पुन्हा जा. ४० टक्के किंवा त्याहून जास्त मिळाले तर नोकरीतलं ४ टक्के आणि उच्च शिक्षणातलं ५ टक्के आरक्षण, प्राप्तिकराच्या जुन्या करपद्धतीत दिव्यांगांसाठीची ७५,००० रुपयांची वजावट (८० टक्क्यांपासून १,२५,०००) अशा गोष्टी लागू होतात. तपासणीच्या दिवशी आहे तेच दाखवा. नीटनेटकं दिसायच्या सवयीने बायका लंगडणं लपवतात, शब्द आठवला नाही तर हसून वेळ मारून नेतात. मीही पहिल्यांदा तेच केलं आणि टक्के कमी आले.

सरकारी नोकरी असेल तर याच कायद्याचं कलम २०(४) पाठ करून ठेवा. सेवेत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापना कुणाला काढू शकत नाही, पदावनत करू शकत नाही. त्या पदाचं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यायचं, आणि पद नसेल तर अधिसंख्य (म्हणजे मंजूर पदांव्यतिरिक्त जादा) पदावर ठेवायचं. म्हणून घाबरून राजीनामा लिहून देऊ नका, ‘स्वेच्छेने’ हा शब्द असलेल्या कुठल्याही कागदावर सही करू नका. खासगी आस्थापनांना एवढं कडक बंधन नाही, पण समान संधी धोरण जाहीर करणं त्यांनाही लागू आहे. ते लेखी मागा. आणि ४० टक्के नाहीत म्हणून सोय मागायचा हक्क जात नाही. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने परीक्षेतल्या लेखनिकाच्या प्रश्नावर हेच सांगितलं.

मी एका पतसंस्थेत काम करते. नऊ महिन्यांनी परतले तेव्हा साहेब म्हणाले, "तुम्ही तर छान दिसताय, मग काउंटर का नको?" मी थेरपिस्टच्या पत्रासह एक पानी अर्ज दिला. पहिले तीन महिने अर्धा दिवस. काउंटरऐवजी आतलं टेबल. सूचना तोंडी नकोत, लिहून. येण्या-जाण्याची वेळ गर्दीच्या अर्धा तास पुढे-मागे. तीन महिन्यांनी फेरविचार. या शेवटच्या ओळीने काम झालं, कारण साहेबांना आपण कायमचं काही कबूल करतोय असं वाटलं नाही. तीन महिन्यांनी आतलं टेबल माझंच राहिलं. त्या वेळी हिशेबातल्या माझ्या चुका काउंटरवरच्यांपेक्षा कमी होत्या, कारण मी प्रत्येक बेरीज दोनदा करते.

अर्ज नाकारला तर नकार लेखी मागा. सरकारी कार्यालयात तक्रार निवारण अधिकारी असतो, आणि राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय पुण्यात आहे. तक्रार टपालाने पाठवता येते.

नववी पायरी : दुसऱ्यांसाठी

स्वतःसाठी बोलणं जमायला लागलं की ओपीडीच्या बाकावर शेजारी बसलेलं घर दिसू लागतं. घाई करू नका. दुसऱ्याचं दुःख ऐकणंही डोक्याला थकवतं. मी महिन्यातून एकदाच जाते, दोन तास.

सुरुवात लहान करा. आमच्या सोसायटीत मी हेल्मेटवर पाच मिनिटं बोलले, मागे बसणाऱ्याच्या हेल्मेटवर. कायद्याने तेही सक्तीचं आहे, पण मुंबईत बायका आणि मुलं अजून ओढणी आणि टोपीवर बसतात. आता आमच्या जिन्याखाली दोन-दोन हेल्मेटं टांगलेली दिसतात. दुसरं काम कागदाचं. डिस्चार्जच्या सूचना इंग्रजीत असतात आणि त्या वाचायच्या असतात लालबागच्या किंवा मानखुर्दच्या घरात, रात्री दोन वाजता. एका थेरपिस्टताईंबरोबर बसून आम्ही धोक्याच्या खुणा मराठीत एका पानावर लिहिल्या, मोठ्या अक्षरांत, आणि डॉक्टरांकडून तपासून घेतल्या. तुमच्या रुग्णालयात असा कागद नसेल तर मागा. द्यायला कुणी नसेल तर तयार करून तपासायला द्या.

त्या पानाच्या दहा-बारा झेरॉक्स माझ्या पिशवीत असतात. गेल्या महिन्यात ओपीडीबाहेर एक वहिनी भेटल्या, नवऱ्याच्या डोक्याला पट्टी, मांडीवर फाइल. कागद वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "ताई, आमचे हे बरे होतील ना?" मी विचारलं, "वही आणलीय?" नव्हती. आम्ही दोघी खाली झेरॉक्सवाल्याकडे गेलो, शंभर पानी वही घेतली आणि जिन्यातच बसून पहिल्या पानावर त्यांच्या यजमानांचं नाव लिहिलं.